चार देऊन एक

कापड बेतायच्या लांब टेबलावर त्याने चौथी पेटी ठेवली, तेव्हा शेजारच्या मशीनवरच्या मुलीने दोरा तोडता तोडता मान वर केली, पेट्यांकडे पाहिले आणि पुन्हा पाय चालवू लागली. टेबलावर खडूच्या रेघा मारलेले निळे कापड पसरलेले होते. कोणीतरी पुढे होऊन त्याची घडी घातली आणि जागा करून दिली.

"उघडा," बाई म्हणाल्या. "मला त्यातलं काही कळत नाही, पण बघते तरी."

बाई म्हणजे या शिवणकामाच्या कारखान्याच्या मालकीण. सत्तरीच्या असाव्यात. गळ्यात मोजपट्टी, कपाळावर सरकवलेला चष्मा. खाली दवाखान्यांचे आणि शाळांचे गणवेश शिवले जात आणि वरच्या मजल्यावर बाई राहत.

त्याने एकेक पेटी उघडली. खिशातून मऊ फडके काढून प्रत्येक गिटारीवरून फिरवले, खुंट्या पिळून सूर जुळवले आणि मगच बाजूला झाला. एका चष्म्याच्या दुकानात तो लोकांचे डोळे तपासून नंबर काढून देत असे. काच पुसल्याशिवाय कोणाच्या हातात द्यायची नाही ही तिथली सवय त्याच्या अंगात इतकी मुरली होती की घरी पाण्याचा ग्लाससुद्धा तो उजेडात धरून बघे.

"मास्तरीण, इकडे ये गं," बाईंनी हाक मारली.

कापड बेतणारी बाई कात्री ठेवून आली. चाळिशीची, रुंद हातांची. लहानपणी काकांच्या घरी ती थोडेफार वाजवायला शिकली होती, आणि या खोलीत गिटारीतले कळणारी तेवढी ती एकटीच होती. तिने पहिली उचलली, चार सूर वाजवले, खाली ठेवली. दुसरी उचलली.

"ही बरी की ती?" बाईंनी विचारले.

"दोन्ही बऱ्या आहेत."

"असं नाही. आता ऐक. ही? की मघाची?"

त्याला हसू आले. दिवसभर अंधाऱ्या खोलीत तो हेच विचारत असे. आता बरं दिसतंय, की मघाशी? दिवसातून कितीतरी वेळा त्याचा चेहरा परक्या माणसांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर येई, आणि त्यातले कोणी रस्त्यात भेटले तर ओळखत नसत. त्याच्याकडे येत तेव्हा त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नसे.

मास्तरणीने शेवटची गिटार हातात घेतली. ती बाकीच्यांपेक्षा लहान होती, मधाच्या रंगाची.

"ही हलकी आहे. काज-बटणवाल्या मावशींना ही चालेल." मग त्याच्याकडे वळून तिने विचारले, "ही कोणाची? लहान मुलाची?"

"नाही," तो म्हणाला. "अशीच घेतली होती."

या व्यवहाराची बातमी त्याला गिटारी दुरुस्त करणाऱ्याने दिली होती. गावात पूर्वी एक कारागीर होऊन गेला. त्याने हयातीत मोजक्याच गिटारी केल्या, आणि ज्यांच्याकडे त्या होत्या ते कधी विकत नसत. ते गेल्यावर त्यांची मुले विकत. विशीत असताना त्याने त्यांतली एक एका छोट्या सभागृहात ऐकली होती, अगदी मागच्या खुर्चीवर बसून. तेव्हापासून भेटेल त्याला तो सांगून ठेवत असे, कुठे एखादी निघाली तर मला कळवा. दुरुस्तीवाला इतकी वर्षे हो हो म्हणत आला होता, आणि एके दिवशी खरेच त्याचा फोन आला.

"एका बाईंकडे आहे. नवऱ्याची. पण पैसे नको म्हणतात."

"मग?"

"गिटारी हव्यात. साध्या, चालत्या. जितक्या असतील तितक्या."

"कशाला?"

"मीही तेच विचारलं. म्हणाल्या, वाजवायला."

त्याच्याकडे चार होत्या. एका भिंतीवर टांगलेल्या. त्याने आठवडाभर विचार केला असे तो स्वतःला सांगत होता, पण खरे म्हणजे फोन ठेवला तेव्हाच त्याने पेट्यांवरची धूळ झटकायला घेतली होती.

बाई वर जाऊन एक काळी पेटी घेऊन खाली आल्या. जिना उतरताना त्यांनी ती पोटाशी धरली होती, ओल्या कपड्यांची बादली धरावी तशी. त्यांनी ती त्याच्यासमोर ठेवली आणि स्वतः न उघडता मागे सरकल्या.

गिटार काळसर तपकिरी झाली होती. उजव्या हाताचे कोपर टेकते तिथली चकाकी उडून लाकूड उघडे पडले होते, आणि कडेला एक जुनी भेग कोणीतरी फार निगुतीने सांधलेली होती. त्याने ती मांडीवर घेतली. एक तार हळूच छेडली आणि सूर विरेपर्यंत थांबला. तो सूर विरायला बराच वेळ लागला. मग तो वाजवू लागला.

थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आले की मशीन एकेक करून बंद होत गेली आहेत. सगळ्याजणी हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. असे कोणी त्याचे वाजवणे ऐकत बसल्याला किती वर्षे झाली होती कोण जाणे.

"चालू ठेवा गं," बाई म्हणाल्या. "आता थांबायचं काही कारण नाही."

मशीन पुन्हा खडखडू लागली. बाई त्याला म्हणाल्या, "राग मानू नका. सवय आहे त्यांना. आमचे हे पाच वाजता वर वाजवायला बसायचे. तेव्हा खाली मशीन बंद ठेवायची असा नियम. काम असो नसो, तेवढा वेळ गप्प बसायचं."

"म्हणजे तुम्हाला रोज ऐकायला मिळत असेल."

"जिन्यात बसून. दार लावून घ्यायचे ते." बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "तुम्ही कोणाबरोबर वाजवता?"

"कोणाबरोबर नाही. घरीच. एकटाच असतो मी."

"असं होय," बाई म्हणाल्या, आणि ओळखीचा माणूस कुठे भेटला होता ते आठवावे तशा क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मास्तरणीला विचारले, "चालतील ना चारी?"

"चालतील काय, पळतील," मास्तरीण म्हणाली.

काळी पेटी घेऊन तो बाहेर पडला तेव्हा पाच वाजले असावेत. फाटक ओलांडेपर्यंत मशीनचा आवाज थांबला होता आणि आतून कोणीतरी सगळ्या तारा एकदम ओढल्यासारखा एक भयानक बेसूर आवाज आला. पाठोपाठ सगळ्यांचे हसणे.

पहिले काही दिवस तो दुकानातून सुटला की सरळ घर गाठी. बूट काढून हात धुई, हात नीट कोरडे करी आणि पेटी उघडी. आजवर जे तुकडे तो हजार वेळा वाजवून कंटाळला होता, ते या गिटारीवर निराळेच होत. खालच्या सुरांना अंग होते. वरचे सूर तुटत नसत. तो डोळे मिटून वाजवी, आणि उघडी तेव्हा खोलीत अंधार पडलेला असे आणि दिवा लावायचा राहून गेलेला असे.

मग हळूहळू एक गोष्ट घडली, तिचे नाव त्याला सांगता आले नसते. पूर्वी चार गिटारींच्या मागे त्याची संध्याकाळ निघून जायची. हिच्या तारा बदल, तिची खुंटी सैल झालीय ती आवळ, आणि या सगळ्याच्या वर, कधीतरी ती मिळाली तर काय काय वाजवू हा विचार. त्या विचाराला तो वर्षानुवर्षे टेकून बसला होता. आता गिटार मिळाली होती आणि टेकायला काही उरले नव्हते. भिंतीवर चार जागी रंग उजळ राहिला होता. वाजवून झाले की तो त्या भिंतीकडे पाठ करून जेवायला बसे.

एका रविवारी बायकोचा फोन आला. तिची बदली दूरच्या गावी झाली त्याला बरीच वर्षे झाली होती. सुरुवातीला ती दर शनिवारी येत असे, नंतर एकाआड एक, नंतर काही काम असले तर. भांडण असे कधी झालेच नाही. भांडायला दोघांना एका खोलीत बसावे लागते. आता फोन असे तो कामाचा.

"कपाटात माझी राखाडी शाल आहे का बघ रे जरा."

त्याने पाहिले. शाल होती. तिने बरं म्हटले आणि ती फोन ठेवणार एवढ्यात तो म्हणाला, "थांब. एक ऐक."

फोन टेबलावर ठेवून त्याने वाजवले. फार नाही, एक छोटा तुकडा. मग फोन पुन्हा कानाला लावला.

"ऐकलंस?"

"हो. किती छान. कोणती ही?"

"नवी. म्हणजे जुनीच. त्या कारागिराची."

"मिळाली शेवटी?" तिला मनापासून आनंद झाला होता, ते आवाजात कळत होते. "कशी काय?"

"बाकीच्या देऊन. चारी."

त्याला वाटले, लाइन गेली.

"छोटीसुद्धा?" तिने विचारले.

"हो."

"बरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "शालीची घाई नाही. येईन तेव्हा नेईन."

फोन ठेवल्यावर तो तसाच उभा राहिला. छोटी गिटार तिची होती. तिने स्वतः दुकानात जाऊन, दोन-तीन हाताळून, मधाच्या रंगाची म्हणून ती पसंत केली होती. बदली व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात जेवणे झाली की ती खिडकीशी बसून पुस्तकात बघून वाजवायचा प्रयत्न करी. दोन कॉर्ड तिला येऊ लागल्या. तिसरी काही केल्या येईना. बोट पुरत नाही म्हणायची. तो आतल्या खोलीत असे. तिची तार घरघरली की त्याच्या कपाळाला आठी पडे, पण तो बोलत काही नसे. तिचे झाले की तो ती गिटार घेई, सूर जुळवी, पुसून भिंतीवर लावी. एकदा त्याने ती वरच्या खुंटीला लावली. खालची खुंटी दुसऱ्या गिटारीसाठी हवी होती. वरच्या खुंटीला तिचा हात पोचत नसे. काढून दे असे ती कधी म्हणाली नाही, आणि तोही ती आपल्याच चारांत धरू लागला.

त्या आठवड्यात दुकानातून लवकर निघून तो कारखान्यात गेला. वाटेत त्याने वाक्ये जुळवून ठेवली होती. छोटी परत द्या, तिच्या बदल्यात नवी कोरी आणून देतो. वाटल्यास दोन देतो.

मशीन थांबलेली होती. बायका टेबलाभोवती, खिडकीत, कापडाच्या गठ्ठ्यांवर बसल्या होत्या. गिटारी चार आणि त्या आठ-नऊ, त्यामुळे पाळ्या लावल्या होत्या. प्रत्येक गिटारीला गणवेशाच्या निळ्या कापडाचा अभ्रा शिवलेला होता, आत अस्तर आणि वर खिसा. मास्तरीण मधोमध उभी राहून हातातल्या लाकडी पट्टीने टेबलावर ठेका धरत होती.

"चष्मेवाले," बाई जिन्याच्या पायरीवरून म्हणाल्या. "काय, परत आणलीत की काय?"

"नाही, नाही. म्हटलं, तारा बघाव्यात. नव्या हातांत लवकर उतरतात."

"बघा मग. देवच पावला. या मास्तरणीला सूर लावता येतात, पण तिला धीर नाही."

त्याने एकेक गिटार घेऊन सूर लावून दिला. छोटी गिटार काज-बटण करणाऱ्या मावशींच्या मांडीवर होती. त्या सगळ्यांत वयस्कर होत्या. अंगठ्याला सुई टोचू नये म्हणून घातलेली टोपी काढायला त्या विसरल्या होत्या, ती त्याच्यासमोर त्यांनी घाईने काढली.

"तुम्ही आलात ते बरं झालं," मावशी म्हणाल्या. "दोन येतात मला. हे तिसरं काही होत नाही. माझं बोटच आखूड. पुरत नाही."

"पुरतं," तो म्हणाला. "मनगट जरा बाहेर काढा. इतकं नाही. हां. आता अंगठा मागे, थोडा खाली."

त्यांचा हात धरावा की नाही हे न कळून त्याने आपलाच डावा हात हवेत धरून दाखवला. मावशींनी बघून बघून तसे केले. बोट पोचले. त्यांनी तारांवरून हात फिरवला. एक तार घरघरली, बाकीच्या वाजल्या.

"झालं की," मावशी हळूच म्हणाल्या आणि पुन्हा वाजवून पाहिले. मास्तरीण पट्टी थांबवून म्हणाली, "इतके दिवस मी घसा फोडतेय, तेव्हा नाही झालं," आणि सगळ्या हसल्या.

तो जिन्यापाशी आला. बाईंनी पायरीवर सरकून जागा केली. तो एक पायरी सोडून खाली बसला.

"मी एकदा हात लावला होता," बाई म्हणाल्या. "हे बाहेर गेले होते. पेटी उघडी होती. एकच तार वाजवली मी, आणि तशीच ठेवून दिली. आल्यावर त्यांना कसं कळलं देव जाणे. मला वाटलं, रागावतील. एक शब्द बोलले नाहीत. फडकं घेतलं आणि पुसत बसले. जेवायला हाक मारली तरी पुसतच होते." त्या समोर बघत होत्या. "रागावले असते ना, तर मी परत हात लावला असता."

फडके काढायला त्याने खिशात हात घातला होता, तो तसाच राहिला.

"काय न्यायला आला होतात तुम्ही?" बाईंनी विचारले.

"काही नाही."

"छोटी?"

त्याने मावशींकडे पाहिले.

"मागून बघा. देतील मावशी. त्यांना कोणाला नाही म्हणता येत नाही."

मावशींची पाळी संपली होती. त्यांनी गिटार पुढच्या मुलीकडे दिली आणि तिच्या शेजारीच उभ्या राहून तिचे मनगट बाहेर ओढत होत्या. मुलगी कुरकुरत होती. मावशी सोडत नव्हत्या.

"राहू दे," तो म्हणाला.

बाहेर पडून तो बसथांब्यापर्यंत चालत गेला. थांब्यावर कोणी नव्हते. एक बस आली, तो चढला नाही. त्याने बायकोला फोन लावला. तो आपणहून सहसा करत नसे.

"काय रे, काय झालं?"

"काही नाही. सहज." पुढे काय म्हणायचे ते त्याने जुळवलेले नव्हते. "ती छोटी गिटार आहे ना, ती एका मावशींकडे आहे. शिवणकामाच्या कारखान्यात. शिकतायत त्या."

"हो का. येतंय त्यांना?"

"दोन कॉर्ड येत होत्या. तिसरी येत नव्हती."

"मलाही नव्हती येत ती. बोट पुरायचं नाही माझं."

"पुरतं," तो म्हणाला. "मनगट बाहेर काढायचं. अंगठा मागे, खाली घ्यायचा. आज आली त्यांना."

तिच्या मागे भांड्यावर नळ चालू होता.

"तेव्हा का नाही सांगितलंस?" तिने विचारले.

आवाजात राग नव्हता. तिला खरेच जाणून घ्यायचे होते असे वाटले. तो रस्त्याच्या पलीकडे बघत राहिला. तोंडाशी आलेले पहिले उत्तर त्याने मागे घेतले, दुसरेही घेतले. ती आता ठेवते म्हणेल, त्याला वाटले. तिकडचा नळ बंद झाला. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि ती बसल्याचा.